मेक्सिकन चिकन घरी कडू का होतं, आणि तिंगा कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दोनदा मेक्सिकन चिकन करून पाहिलं. पहिल्यांदा पाकिटातला मसाला, ढोबळी मिरची, टोमॅटो सॉस आणि वरून चीज, तर ते पाकिटासारखंच लागलं. दुसऱ्यांदा सुक्या मिरच्या आणल्या, भाजल्या, भिजवल्या, वाटल्या आणि कुठेतरी वाचलं म्हणून चॉकलेटचा तुकडाही टाकला. रस्सा कडू झाला आणि चिकनचा चोथा झाला. चुकलं कुठे? आणि खऱ्या चवीचा, घरी जमण्यासारखा एखादा पदार्थ कोणता? तो आदल्या दिवशी करून ठेवलेला चालतो का?

दुसऱ्यांदा केलंत ते पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. कडू झालं असेल, पण रस्ता बरोबर होता. त्यामुळे पाकिटाचं आधी उरकून टाकतो. मिरचीपूड, जिरेपूड, लसूणपूड आणि ओरेगानो यांचं तयार मिश्रण ही टेक्सासची चव. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात अशी तयार मिरचीपूड विकायला सुरुवात केली. फाहिता, वितळलेलं पिवळं चीज, चमच्याने पडणारं जिरं हे सगळं त्याच बाजूचं, म्हणजे टेक्स-मेक्स. वाईट मुळीच नाही, मीही आवडीने खातो. पण मध्य मेक्सिकोतल्या घरात जिरं चिमटीने पडतं, पुष्कळ पदार्थांत पडतच नाही. तिथली चव बहुतेक वेळा सुक्या मिरचीतून येते, आणि ती मिरची तिखटासाठी घातलेली नसते.

हे नीट कळलं की अर्धं काम झालं. मेक्सिकोत ताजी मिरची आणि तीच सुकवलेली मिरची यांना वेगवेगळी नावं असतात, कारण स्वयंपाकात ते दोन वेगळे जिन्नस आहेत. पोब्लानो सुकली की आंचो. चिलाका सुकली की पासिया. मिरासोल सुकली की ग्वाहियो. आणि पिकून लाल झालेली हालापेन्यो, डब्यावर वाचून आपण जिला जलापिनो म्हणतो ती, धुरावर सुकवली की चिपोत्ले. हे नाव नाहुआत्ल भाषेतलं आहे, अर्थ ‘धुरवलेली मिरची’. आता एक आंचो मध्ये कापा आणि नाकाशी धरा. मनुका, सुकं आलूबुखार, जरा तंबाखू असा वास येईल. तिखटपणा जेमतेम, स्कोव्हिल मापात एक ते दोन हजार. चिपोत्ले अडीच ते आठ हजारांच्या घरात, आणि युकातानची हाबानेरो एक लाखाच्याही वर. म्हणजे आंचो हे जवळजवळ सुकं फळच आहे. त्यात साखर असते, आणि साखर करपते. तुमचा कडवटपणा इथून आला.

म्हणून भाजणं हळू सांगतो. मिरची ओल्या फडक्याने पुसा. देठ काढा, कात्रीने एका बाजूला उभी चीर द्या आणि पुस्तकासारखी उघडा. बिया झटका, आतल्या फिकट शिरा बोटांनी ओढून काढा. तिखट त्या शिरांत असतं. बियांना लागतं ते शिरांना चिकटून असल्यामुळे. मिरची कडक असेल आणि तुटत असेल तर तव्याजवळ जरा वेळ ठेवा, ऊब लागली की नरम पडते. आता तवा मध्यम आचेवर, तेल अजिबात नाही. मिरची आतली बाजू खाली करून पसरा आणि उलथन्याने दाबून धरा. मनात पाच आकडे मोजा. आतला भाग विटकरी रंगावरून तपकिरीकडे झुकतो, साल मऊ पडते आणि वास एकदम खोलीभर होतो. उलटा, पुन्हा पाच आकडे, उचला. एका वेळी एकच मिरची, फार तर दोन. धूर दिसला तर उशीर झालेला आहे. ठसका लागला तर नक्कीच झालेला आहे. ती मिरची टाकून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण एकदा भोगलंय. शिकाऊ होतो तेव्हा तीस जणांच्या जेवणाच्या मिरच्या ओव्हनमध्ये ठेवल्या आणि दोन मिनिटांसाठी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा काही मिरच्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. ‘थोड्याच तर आहेत’ म्हणून सगळ्या वाटल्या. मग साखर घातली, मग क्रीम, मग आणखी टोमॅटो. प्रत्येक वेळी रस्सा वाढत गेला, कडूपणा तसूभरही हलला नाही. शेवटी मोठं पातेलं मोरीत रिकामं केलं.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, वर बशी दाबा म्हणजे तरंगणार नाहीत. पाणी खळखळतं नको आणि तासभर विसरायचंही नाही. चव पाण्यात उतरते आणि हातात सालं राहतात. वाटण्याआधी ते पाणी चमचाभर चाखा. गोडसर, मातकट लागलं तर वाटणात वापरा. कडवट लागलं तर ओतून द्या आणि वाटायला साधं पाणी किंवा चिकनचं पाणी घ्या. तुम्ही ते पाणी न चाखताच वाटणात घातलं असेल, असा माझा अंदाज आहे.

चॉकलेटबद्दल. ते पुएब्ला शहराच्या मोले पोब्लानोमधलं, आणि तिथेही ते रस्स्याचा मुख्य जिन्नस नाही. मुलातो, आंचो आणि पासिया अशा तीन मिरच्या, तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, दालचिनी, लवंग, तळलेली तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, टोमॅटो असं वीसेक जिन्नसांचं वाटण तासन्‌तास शिजतं, आणि शेवटी चॉकलेट पडतं ते कडा गोल करण्यापुरतं. सांता रोसाच्या मठात एका ननने घाईघाईत हे सगळं एकत्र केलं, अशी एक लाडकी गोष्ट पुएब्लात सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ‘मोल्ली’ म्हणजे रस्सा हा नाहुआत्ल शब्द मठांच्या कितीतरी आधीचा; ग्वाकामोलेतला ‘मोले’ही तोच. गंमत म्हणजे मोलेत मूळचा मान टर्कीचा. कोंबडी मेक्सिकोत पोचली ती सोळाव्या शतकात, स्पॅनिशांबरोबर. असो. मोले हा सणाचा, चार हातांचा पदार्थ आहे. टोमॅटोच्या साध्या रस्स्यात चॉकलेट टाकून तो होत नाही, आणि तो तुमचा पहिला पदार्थ नसावा.

पहिला पदार्थ तिंगा असावा. हाही पुएब्लाचाच. टोमॅटो, भरपूर कांदा आणि चिपोत्ले यांच्या रस्स्यात चिकनचे धागे, आणि ते तोस्तादावर, म्हणजे कडक, कुरकुरीत केलेल्या मक्याच्या पोळीवर. डुकराच्या मांसाचा आणि चोरिसो सॉसेजचाही तिंगा तिथे करतात, पण घरोघरी आणि खाणावळीत बघाल तो बहुतेक चिकनचा. मिरच्या मोजक्या, तंत्र तेच जे मोलेला लागतं. हात बसायला याहून चांगला पदार्थ माझ्या माहितीत नाही.

चार-पाच जणांसाठी हाडासकट एक किलो चिकन घ्या, निम्मं छातीचं आणि निम्मं मांड्यांचं. नुसत्या छातीचं करू नका. पिकलेले टोमॅटो सहाशे ग्रॅम, मोठे पांढरे कांदे तीन, लसणाच्या पाच पाकळ्या, अदोबोतल्या म्हणजे व्हिनेगर-टोमॅटोच्या रसात मुरवलेल्या डब्यातल्या चिपोत्ले तीन आणि तो रस एक मोठा चमचा, आंचो दोन, तमालपत्र दोन, ओरेगानो एक छोटा चमचा, तेल तीन मोठे चमचे, मीठ. आंचो पारंपरिक तिंग्यात लागतेच असं नाही. रस्स्याला अंग येतं म्हणून मी घालतो. डब्याऐवजी सुक्या चिपोत्ले मिळाल्या तर मोरिता नावाच्या छोट्या, लालसर घ्या आणि आंचोबरोबरच भिजवा; त्या धुरात आधीच तयार झालेल्या असतात, त्यांना तवा नुसता दाखवायचा. मग अर्धा चमचा व्हिनेगर वेगळं घालावं लागेल. आणि डबा फोडलात की उरलेल्या मिरच्या ताटलीत एकेक सुट्या मांडून फ्रीजरमध्ये गोठवा, नंतर पिशवीत भरा. तीन मिरच्यांसाठी डबा फोडायचा आणि उरलेला फ्रीजच्या कोपऱ्यात बुरशीला द्यायचा, हे सगळ्यांचंच होतं.

चिकनचा चोथा का झाला ते आता. तुम्ही ते खळाळून उकळलंत. छातीचं मांस आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की शिजलेलं असतं आणि त्यापुढे प्रत्येक मिनिटाला ते पाणी सोडतं. मांड्यांचं उलट, त्यातले चिवट धागे मऊ व्हायला ऐंशीच्या वर जावं लागतं. म्हणून पातेल्यात मांड्या आधी. चिकन बुडेल इतकं गार पाणी, कांद्याचा चौथा भाग, लसणाच्या दोन पाकळ्या, एक तमालपत्र आणि चाखल्यावर जाणवेल इतकं मीठ. उकळी दिसायला लागली की आच कमी. पाण्याने थरथरायचं, उसळायचं नाही. एखादा बुडबुडा इकडे, एखादा तिकडे. पंधरा मिनिटांनी छातीचे तुकडे घाला, आणखी वीस-पंचवीस मिनिटं द्या. जाड तुकड्याच्या मध्यात थर्मामीटर ७४ दाखवायला लागलं की गॅस बंद करा आणि चिकन त्याच पाण्यात अर्धा तास निवू द्या. हा अर्धा तास घाईत वगळला जातो. तेवढ्या वेळात मांस सोडलेलं थोडं पाणी परत घेतं, आणि मीठही आतपर्यंत जातं. मग हाताने सोला. धागे करंगळीच्या निम्म्या जाडीचे ठेवा. मिक्सर किंवा बीटरने केलेला भुसा रस्स्यात गेला की त्याचा लगदा होतो. पाणी गाळून ठेवा, आपल्याला त्यातलं एक वाटी लागेल. उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी सूप होतं.

चिकन निवतंय तोवर टोमॅटो. अख्खे टोमॅटो आणि सालीसकट लसूण कोरड्या तव्यावर ठेवा. इथे आच मोठी चालते, आणि इथे काळे डाग हवेतच. गोंधळ होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो: मिरची काळी चालत नाही, टोमॅटोची साल काळी चालते. टोमॅटो रसाळ असतो, वरची साल करपते तोवर आतला गर नुसता शिजून गोड होतो. दहा-बारा मिनिटं, अधूनमधून वळवत. फुटायला लागले की उतरवा, फार जळलेली साल तेवढी काढा. लसूण आधी होईल, तो दाबून सालीतून बाहेर काढा. टोमॅटो, लसूण, भिजलेल्या आंचो, चिपोत्ले आणि तिचा रस सगळं मिक्सरमध्ये बारीक वाटा. आंचोच्या सालीचे कण दाताखाली येत असतील तर चाळणीतून काढा. आळस केलात तरी चालेल, पण फरक कळतो.

आता ज्या पायरीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. वाटण तेलात तळायचं. मेक्सिकन स्वयंपाकिणी याला सल्सा ‘साझोनार’ करणं म्हणतात, आणि पाकिटामागच्या कृतीत नेमकी हीच पायरी नसते. ‘सॉस घालून पाच मिनिटं उकळा’ असं लिहिलेलं असतं. उकळलेलं वाटण कच्चंच राहतं, टोमॅटो एकीकडे आंबट आणि मिरची एकीकडे तुरट.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवा. कांदे उभे, जाडसर चिरून त्यात परता. काचेसारखे झाले पाहिजेत, पण दाताला जाणवले पाहिजेत. कांद्याने तिंग्याचं निम्मं वजन उचललेलं असतं, त्यामुळे ‘एवढा कांदा?’ म्हणून कमी करू नका. कांदा एका बाजूला काढून ठेवा, तेल पातेल्यातच राहू द्या, कमी वाटलं तर चमचाभर वाढवा. तेल पुन्हा चांगलं तापू द्या. वाटणाचा एक थेंब टाकून बघा, चर्र झालं पाहिजे. मग सगळं वाटण एकदम ओता. ते उसळेल, उडेल. झाकण डाव्या हातात ढालीसारखं धरा आणि उजव्या हाताने ढवळा. पहिली दोन मिनिटं पसारा होतो, मग शांत होतं. रंग केशरी-गुलाबी असतो तो हळूहळू विटेसारखा गडद होतो. आठ-दहा मिनिटांनी तळाशी चमचा ओढलात तर वाट पडते आणि सावकाश बुजते, कडेला लाल तेलाचे ठिपके दिसायला लागतात. मिरचीचा रंग आणि तिखट दोन्ही तेलात विरघळणारी आहेत, पाण्यात नाहीत; तेल लाल झालं म्हणजे ती दोन्ही बाहेर आली. वाटण तेल सुटेपर्यंत परतायची सवय असलेल्या हाताला हा क्षण शिकवावा लागत नाही. फक्त मेक्सिकन म्हटल्यावर आपण तो हात का कोण जाणे खिशात ठेवतो.

यात काढलेला कांदा, चिकन, उरलेलं तमालपत्र, ओरेगानो हातावर चोळून, आणि वाटीभर चिकनचं पाणी. झाकण न लावता मंद आचेवर पंधरा मिनिटं. मीठ आता चाखून घाला, आधी नाही. टोमॅटो आंबट निघाले असतील तर चिमूटभर साखर. तिंगा ओलसर हवा पण वाहता नको. चमच्यावर ढीग उभा राहिला पाहिजे, नाहीतर तोस्तादा खाली वाकतो आणि कोपरापर्यंत रस्सा ओघळतो.

ओरेगानोचं एक. मेक्सिकोतला ओरेगानो ही वेगळीच वनस्पती आहे, घाणेरीच्या कुळातली. इटालियन ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला. पहिल्याला लिंबासारखा वास असतो. तो नसेल तर दुसरा निम्माच घाला, नाहीतर तिंग्याला पिझ्झ्याचा वास येतो. चिपोत्ले मिळालीच नाही तर दोन छोटे चमचे स्मोक्ड पॅप्रिका आणि एखादी तिखट सुकी मिरची घेऊन धुराची आठवण येण्याइतपत काम भागतं. लिक्विड स्मोकच्या वाटेला मात्र जाऊ नका.

तोस्तादा म्हणजे तळून किंवा भाजून कडक केलेली मक्याची तोर्तिया. कालची, जरा सुकलेली तोर्तिया घ्या. ताज्या तोर्तियात पाणी असतं, ती तेल पिते आणि चिवट होते. १८० अंशाच्या तेलात दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट. तोर्तिया घरीच करायची असेल तर मासा हारिना असं लिहिलेलं पीठ पाहून घ्या. मक्याचं साधं पीठ आणि कॉर्नफ्लोअर दोन्ही इथे उपयोगाची नाहीत, कितीही मळलं तरी पोळी फाटतेच. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग धुऊन दळतात. चुन्यात शिजवलेल्या या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, सालीतले चिकट घटक मोकळे होतात आणि म्हणून पीठ एकजीव होतं. शिवाय मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिन कमी पडून पेलाग्रा नावाचा रोग झाला.

तोस्तादा रचताना क्रम पाळा. सर्वांत खाली फ्रिहोलेस रेफ्रितोसचा पातळ थर, म्हणजे शिजवलेला घेवडा घोटून तेलात परतलेला. तो गोंदासारखं धरतो आणि रस्सा खाली झिरपू देत नाही. ‘रेफ्रितो’चा अर्थ दोनदा तळलेलं असा करतात, पण तिथे ‘रे’ म्हणजे ‘चांगलं, भरपूर’. त्यावर तिंगा, मग बारीक चिरलेलं लेट्यूस, आवाकाडोच्या फोडी, क्रेमा आणि केसो फ्रेस्को. क्रेमा नसेल तर आंबट क्रीम थोड्या दुधाने सैल करून घ्या. केसो फ्रेस्को हे ओलसर, खारट, हाताने चुरडायचं चीज आहे आणि ते वितळत नाही. वितळणारं पिवळं चीज घातलंत तर आपण पुन्हा पाकिटापाशी येऊन पोचतो.

आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. चालतं, आणि चिपोत्लेचा धूर रात्रीत चिकनमध्ये मुरतो म्हणून मी पाहुणे असले की आदल्या दिवशीच करतो. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, तीन दिवस टिकतो. गरम करताना चिकनच्या पाण्याचे दोन-तीन चमचे शिंपडा. तोस्तादा मात्र पाहुण्यांसमोरच रचा, पाच मिनिटांत मऊ पडतो.